तरुणांचा कारविमा: त्याला दहा हजार, मला तेरा हजार, असं का?

दोघंही चोवीस वर्षांचे, दोघांची गाडी एकाच मॉडेलची, दोघांच्या नंबरप्लेटवर बडोद्याचं जीजे ०६. एक रावपुऱ्यात राहतो, दुसरा मांजलपूरला. विमा रिन्यू करायची वेळ आली की एकाचं काम दहा हजारांच्या आत होतं आणि दुसऱ्याला तेरा हजारांच्या वर मोजावे लागतात. मग बडोद्यातल्या मराठी घरांत ठरलेली वाक्यं ऐकू येतात: ‘पोरांना विमा महागच पडतो’, ‘एजंटानं टोपी घातली’, ‘ऑनलाइन घ्यायला हवा होता’. तिन्हींत थोडं थोडं तथ्य आहे. पण खरं कारण बहुतेक वेळा पॉलिसीच्या पहिल्या पानावरच छापलेलं असतं, आणि ते पान वाचायची तसदी कुणी घेत नाही. ते कसं वाचायचं आणि कुठल्या ओळीत किती पैसे वाचवता येतात, ते इथे क्रमाने बघू.

आधी वयाचा गैरसमज

बडोद्यातल्या दर दुसऱ्या घरातलं कुणी ना कुणी अमेरिकेत किंवा इंग्लंडात असतं, त्यामुळे ‘पंचविशीच्या आत विमा दुप्पट’ ही तिकडची गोष्ट इकडे सहज पसरते. तिकडे ती खरी आहे. तिथे भाव मुख्यतः चालक बघून ठरतो: वय काय, परवाना किती वर्षांचा, अपघात किती केले. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत कर्जफेडीचा इतिहाससुद्धा मोजला जातो. कॅलिफोर्नियात मात्र १९८८ च्या जनमतानंतर चालकाचा रेकॉर्ड, वर्षाचं रनिंग आणि अनुभव या तीन गोष्टींना पहिला मान द्यावा लागतो. युरोपीय संघात डिसेंबर २०१२ पासून मुलगा-मुलगी म्हणून वेगळा दर लावता येत नाही.

आपल्याकडे विमा गाडीचा असतो. मालकाच्या परवानगीने, वैध परवाना असलेलं कुणीही ती चालवू शकतं. घरातल्या मुलाचं नाव पॉलिसीत ‘जोडून घ्यायची’ पद्धत आपल्याकडे नाही. थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून देणारा विमा. त्याच्या सरकारी दरपत्रकात वयाचा रकानाच नाही. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे दर २००६ अखेरपर्यंत सगळ्या कंपन्यांना एकसारखे होते. १ जानेवारी २००७ पासून ते खुले झाले आणि कंपन्या आपापले निकष लावू लागल्या. कोटेशन देताना एखाद्या कंपनीने जन्मतारीख विचारली तर ती त्यासाठी.

तरीही तरुणांना विमा महाग पडतो, पण वय तिथे आडवाटेनं येतं. पहिलीच गाडी म्हणजे नो क्लेम बोनस, अर्थात क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट, शून्य. गाडी नवी, कर्जावर घेतलेली, म्हणून विम्याची रक्कम मोठी. शोरूममध्ये सुचवलेली सगळी ॲड-ऑन, म्हणजे जादा संरक्षणं, घेतलेली. आणि बंपरला ओरखडा आला की लगेच क्लेम. यांतली एकही गोष्ट वाढदिवसाने बदलत नाही. बरीचशी आपल्या हातात असते.

पहिलं काम: पॉलिसी काढा, दोन रकाने वेगळे करा

पॉलिसीच्या शेड्यूलवर डावीकडे ‘ओन डॅमेज’ म्हणजे ओडी आणि उजवीकडे ‘लायबिलिटी’ म्हणजे थर्ड पार्टी, असे दोन हिशेब असतात. घासाघीस फक्त डावीकडे चालते.

उजवीकडचा दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे खासगी कारला वर्षाला १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि त्यावर ७,८९७. विजेवरच्या गाडीला ३० किलोवॉटपर्यंत १,७८०, ३० ते ६५ ला २,९०४ आणि त्यापुढे ६,७१२. वर १८ टक्के जीएसटी. ‘थर्ड पार्टीत डिस्काउंट देतो’ म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. १५०० सीसीच्या जरा वरची गाडी घेतली तर दरवर्षी हा रकाना दुपटीहून जास्त होतो, हेही गाडी निवडतानाच ध्यानात घ्या. मित्राच्या आणि तुमच्या भावातला अर्धा फरक कधीकधी एवढ्यातच असतो.

नव्या गाडीला सप्टेंबर २०१८ पासून थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. ते पैसे गाडीच्या ऑन-रोड किमतीत बसून जातात, म्हणून जाणवत नाहीत. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी फक्त ओडीचं रिन्यूअल येतं, बिल हलकं दिसतं. चौथ्या वर्षी थर्ड पार्टी पुन्हा सुरू होते आणि बिल फुगतं. तेव्हा ‘कंपनीने अचानक भाव वाढवला’ अशी ओरड होते. दोघांचे भाव ताडून बघताना दोन्ही गाड्या कितव्या वर्षात आहेत हे आधी विचारा.

उजव्या रकान्यात आणखी एक छोटी ओळ असते: दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा. ती साडेसात लाख असते आणि सहा हजारांवर आणली तर शंभर रुपये वाचतात. त्या शंभर रुपयांचा मोह धरू नका. अलकापुरीत कुणाच्या महागड्या गाडीला नुसता धक्का लागला तरी सहा हजारांत काही भागत नाही.

दुसरं काम: गाडी कुणाच्या नावावर, ते ठरवा

‘बाबांच्या नावावर घे, स्वस्त पडेल’ हा सल्ला घरोघरी मिळतो. तो अर्धाच बरोबर आहे. बाबांनी त्यांची जुनी कार विकली असेल आणि तिच्यावर ५० टक्के बोनस साठला असेल, तर तो बाबांच्याच नावावरच्या नव्या कारला लावता येतो. जुनी गाडी दुसऱ्याच्या नावावर झाल्याचे कागद कंपनीला दिले की बोनस राखून ठेवल्याचं पत्र मिळतं आणि ते तीन वर्षं चालतं. असं पत्र हाती असेल तर बाबांच्या नावाने घ्यायला अर्थ आहे. नसेल, तर त्या नावाची वेगळी जादू काही नाही.

बोनस गाडीचा नसून माणसाचा असतो. बाबा हयात असताना गाडी मुलीच्या नावावर केली तर त्यांचा बोनस तिला मिळत नाही. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाकडे गाडी आली तरच तो पुढे जातो. सेकंडहँड गाडी घेतली तर आधीच्या मालकाचा बोनस तुम्हाला लागू नाही, फरकाचे पैसे भरावे लागतात. विमा आपल्या नावावर करून घ्यायला गाडी ट्रान्सफर झाल्यापासून चौदा दिवस मिळतात. यात आळस झाला आणि मधल्या काळात अपघात झाला की ओडीच्या क्लेमचा घोळ ठरलेलाच. कॉलेजची पाच वर्षं ॲक्टिव्हावर बिनअपघात काढली असतील तरी तो बोनस कारला चालत नाही. वाहनाचा वर्ग बदलला की खातं नवं.

बाबांच्या नावाला दोन तोटेही आहेत. वर्षानुवर्षं गाडी तुम्ही जपून चालवाल आणि बोनस साठेल त्यांच्या खात्यात. उद्या नोकरी लागून स्वतःची गाडी घ्याल तेव्हा तुम्ही पुन्हा शून्यावर. दुसरा तोटा जास्त गंभीर. मालक-चालकासाठीचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा मालकाचाच असतो. गाडी बाबांची आणि चालवणारे तुम्ही, तर तुमच्यासाठी वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी काढा. आणि स्कूटर-कार दोन्ही तुमच्याच नावावर असतील तर हे संरक्षण एकदाच पुरतं. दोन्ही पॉलिसींत त्याचे पैसे भरणारी पोरं पुष्कळ दिसतात. एकीत आहे असं लेखी सांगून दुसरीतून काढायला लावा.

तिसरं काम: आयडीव्ही ताणू नका, दाबूही नका

आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर कंपनी जास्तीत जास्त किती देईल तो आकडा. ओडीचा प्रीमियम याच आकड्याच्या टक्केवारीत निघतो. नियमाप्रमाणे गाडीच्या किमतीतून सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के घट धरतात. त्यापुढे कंपनी आणि मालक, दोघांच्या संमतीने.

ऑनलाइन कोटेशनमध्ये सगळ्यात स्वस्त दिसणारं नाव बऱ्याचदा आयडीव्ही खाली ओढून स्वस्त झालेलं असतं. चार कंपन्यांचा आयडीव्ही एकच ठेवून मगच भाव बघा, नाहीतर ती तुलनाच नव्हे.

याच हिशेबात शहराचा वाटा येतो. जुन्या दरपत्रकाने देशाचे दोन झोन केले होते आणि ते आजही पायाभूत धरले जातात. ‘ए’ झोनमध्ये अहमदाबाद, मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळुरू, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता. बाकी सगळे ‘बी’. म्हणजे जीजे ०१ ची गाडी ‘ए’ आणि जीजे ०६ ची ‘बी’. पाच वर्षांच्या आतल्या, १००० ते १५०० सीसीच्या कारला ‘ए’ मध्ये ३.२८३ टक्के आणि ‘बी’ मध्ये ३.१९१ टक्के. पावणेपाच-पाच लाखांच्या आयडीव्हीवर हा फरक साडेचारशेच्या आसपास, तोही सूट वजा करण्याआधी. अहमदाबादच्या मावसभावापेक्षा तुम्हाला स्वस्त पडलं तर कारण हेही आहे, पण फार मोठं नाही. नोकरीसाठी पुण्याला गेलात तरी गाडीची नोंद बडोद्याची आहे तोवर झोन ‘बी’च राहतो.

चौथं काम: बोनस सांभाळा, कारण खरा पैसा इथे आहे

क्लेमशिवाय पहिलं वर्ष गेलं की ओडीवर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के सूट. एक ओडी क्लेम केला की पुन्हा शून्य. सुरुवातीच्या दोघांचा हिशेब आता मांडून बघू. आकडे समजावण्यापुरते आहेत, कंपनीची सूट ५० टक्के धरली आहे.

गाडीची किंमत आठ लाख, वय तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाच्या मध्ये, म्हणून आयडीव्ही ४,८०,०००. त्याचे ३.१९१ टक्के म्हणजे १५,३१७. कंपनीच्या सुटीनंतर ७,६५८. रावपुऱ्याच्या मुलाने तीन वर्षं क्लेम केलेला नाही. ३५ टक्के जाऊन त्याचे उरले ४,९७८. थर्ड पार्टीचे ३,४१६ आणि जीएसटी धरून ९,९०५ रुपये. मांजलपूरच्या मुलाने गेल्या वर्षी बंपरचा क्लेम केला होता. त्याला ७,६५८ पूर्ण लागले आणि सगळं मिळून १३,०६७. त्याच्या पुढच्या वर्षी पहिल्याला ४५ टक्के मिळतील, दुसऱ्याला २०. आयडीव्ही चार लाख धरला तर तो फरक जीएसटीसकट १,८८३ रुपये. दोन वर्षांत एकूण पाच हजारांवर गेले.

आता त्या क्लेममधून मिळालं काय? समजा बिल ६,५०० चं: चार हजारांचा बंपर आणि अडीच हजारांचं पेंटिंग. बंपर प्लॅस्टिकचा, त्यावर ५० टक्के घसारा, म्हणजे दोन हजार गेले. पेंटिंगच्या बिलाचा चौथा हिस्सा रंगाचा धरतात आणि त्यावर निम्मा घसारा, म्हणजे आणखी तीनशेच्या वर गेले. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट, म्हणजे दर क्लेमला आपण सोसायचा वाटा, एक हजार. हाती पडले ३,२०० रुपयांपेक्षा थोडे कमी. तीन हजारांसाठी पाच हजार घालवले.

म्हणून गॅरेजला गाडी नेण्याआधी तीन गोष्टी विचारा: बिल किती, त्यातलं कंपनी नेमकं किती देईल, आणि पुढच्या दोन रिन्यूअलमध्ये बोनस किती बुडेल. सर्व्हिस सेंटरवाला ‘इन्शुरन्समध्ये करून टाकू’ म्हणेल. त्याला बिल मोठं झालेलं हवंच असतं, त्याचा यात काय तोटा? गरब्याच्या दिवसांत मैदानाबाहेर लावलेल्या गाडीला पडणारे ओरखडे खिशातूनच भरून काढावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. क्लेम करायचा तो दार-बॉनेट चेपलं, रेडिएटरला मार बसला, तेव्हा.

बोनस फुगवून सांगून प्रीमियम वाचवायचा विचार मात्र मनातही आणू नका. नवी कंपनी जुन्या कंपनीकडून खात्री करून घेते आणि खोटं निघालं की ऐन अपघाताच्या वेळी ओडीचा क्लेम हातचा जातो.

पाचवं काम: स्वेच्छेची वजावट आणि ॲड-ऑन

‘दर क्लेमला पहिले इतके पैसे मी भरीन’ असं आधीच कबूल केलं तर सूट मिळते. जुन्या दरपत्रकात २,५०० रुपयांच्या वजावटीला ओडीवर २० टक्के पण जास्तीत जास्त ७५०, पाच हजारांना २५ टक्के आणि कमाल १,५००, पंधरा हजारांना ३५ टक्के आणि कमाल २,५००. किरकोळ क्लेम करायचेच नाहीत असं ठरवलं असेल तर पाच हजारांचा पर्याय सोयीचा. हातात शिल्लक नसताना पंधरा हजारांची वजावट घेणं धाडसाचं. वाहनांची चाचणी घेणाऱ्या एआरएआय या संस्थेने मान्य केलेलं चोरीविरोधी उपकरण असेल तर अडीच टक्के, कमाल पाचशे.

ॲड-ऑनमध्ये झीरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारं, पहिली काही वर्षं घ्या. नवशिक्या हातांना प्लॅस्टिक आणि फायबरचंच नुकसान जास्त होतं आणि घसारा त्यावरच सगळ्यात जड. वर्षाला किती झीरो डेप क्लेम चालतात ते वाचून घ्या.

इंजिन प्रोटेक्ट हे बडोद्याला टाळता न येणारं प्रकरण. जुलै २०१९ च्या शेवटच्या दिवशी आणि ऑगस्ट २०२४ अखेरीस विश्वामित्री नदीने काय केलं ते समा, फतेहगंज, अकोटा, वडसर भागातल्या कुणालाही विचारा. पुराने झालेलं नुकसान साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत बसतं. पण पाण्यात उभी असलेली गाडी सुरू करायला गेलात आणि इंजिनात पाणी जाऊन ते लॉक झालं, तर ‘हे तुम्ही ओढवून घेतलं’ म्हणून इंजिनाचा खर्च नाकारला जातो. तो खर्च इंजिन प्रोटेक्टमध्ये येतो. नदीकाठच्या सोसायटीत तळघरात गाडी लावत असाल तर हे ॲड-ऑन घ्याच. उंचावरच्या भागात राहून पावसाळ्यात गाडी फार काढत नसाल तर सोडलंत तरी चालेल. दोन्हीकडे एक नियम सारखा: पाण्यात बंद पडलेली गाडी स्टार्टर मारून बघायची नाही, टो करून न्यायची.

चावी हरवणं, टायर, सामानाची चोरी वगैरेंवर वेळ घालवू नका. रोडसाइड असिस्टन्स गाडीच्या वॉरंटीत आधीच असेल तर दुसऱ्यांदा घेऊ नका.

विद्यापीठात शिकणाऱ्यांनी किंवा घरून काम करणाऱ्यांनी ‘जितकं चालवाल तितकं भरा’ या प्रकाराची चौकशी जरूर करावी. जुलै २०२२ मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने त्याला परवानगी दिली. किलोमीटरची मर्यादा आधी ठरते, म्हणून गेल्या वर्षाचं ओडोमीटर बघून आकडा द्या. सुट्ट्यांत सापुतारा, दिवाळीत पुणं असा बेत असेल तर तोही धरा.

गाडीत केलेले बदल लपवू नका

सीएनजी किट बाहेरून बसवलं असेल तर किटच्या किमतीच्या ४ टक्के ओडीत आणि ६० रुपये थर्ड पार्टीत वाढतात. एवढ्यासाठी ते न सांगणारे आहेत! दरजीपुऱ्याच्या आरटीओत आरसीवर नोंद करा आणि पॉलिसीतही करून घ्या. अलॉय व्हील, महागडी म्युझिक सिस्टीम यांचंही तसंच. न सांगितलेल्या वस्तूचे पैसे मिळत नाहीत. खासगी गाडी भाड्याने दिली तर क्लेम मिळत नाही, मग ती मित्राच्या मित्राला का दिलेली असेना.

शिकाऊ परवान्यावर गाडी चालवताना बाजूला पक्का परवानाधारक आणि ‘एल’ची पाटी नसेल तर कंपनी हात वर करू शकते. अठरा पुरी व्हायच्या आत चावी देणाऱ्या पालकांसाठी विम्याच्या पलीकडचं संकट आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड आणि गाडीची नोंदणी वर्षभर रद्द.

शेवटचं काम: भाव मागणं आणि तारीख

पॉलिसी संपायच्या तीन आठवडे आधी भाव मागवायला बसा. हातात आरसी, चालू पॉलिसी आणि एक ओळ लिहिलेला कागद ठेवा: आयडीव्ही इतका, बोनस इतका, वजावट इतकी, ॲड-ऑन ही. तोच कागद सध्याच्या कंपनीला, ओळखीच्या एजंटाला आणि एखाद्या ऑनलाइन साइटला द्या. शोरूममधूनच विमा घ्या अशी सक्ती डीलरला करता येत नाही. पण त्याच्याकडची कॅशलेस सोय चांगली असेल तर दुसरीकडचा भाव दाखवून कमी करायला सांगा, बऱ्याचदा करतात. स्वस्त कंपनी सापडली तरी आपल्या नेहमीच्या वर्कशॉपमध्ये तिचं कॅशलेस चालतं का, ते वर्कशॉपलाच फोन करून विचारा.

पैसे भरण्याआधी इंजिन नंबर, चॅसिस नंबर, नावाचं स्पेलिंग, बोनसची टक्केवारी आणि इंधनाचा प्रकार आरसीशी ताडून बघा. कर्ज असेल तर बँकेचं नावही.

पॉलिसी संपल्यावर नव्वद दिवसांच्या आत रिन्यू केली तर बोनस टिकतो, नंतर जातो. यावरून अनेकजण समजतात की नव्वद दिवस विमाही चालू असतो. तो नसतो. मुदत टळली की ओडीसाठी गाडीची तपासणी होते, हल्ली मोबाइलवर व्हिडिओ काढून पाठवावा लागतो आणि आधीचे चेपे त्यात नोंदले जातात. बुधवारी रात्री संपलेली पॉलिसी शनिवारी भरणार असाल तर मधले दोन दिवस गाडी दारातच उभी राहू द्या, खंडेराव मार्केटला भाजी आणायलाही काढू नका.